बगदादचा तरंगता गोळा आणि हेरातच्या मुली

अधूनमधून मोबाईलवर एक संदेश फिरत येतो, 'जगातला पहिला रोबोट मुसलमानाने बनवला.' सोबत एका जुन्या हस्तलिखितातलं रंगीत चित्र असतं. एक हत्ती, त्याच्या पाठीवर मनोरा, मनोऱ्यावर पक्षी आणि मध्ये दोन सर्प. संदेश पुढे पाठवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्या चित्राचा कर्ता अल-जझरी ठाऊक असतो. त्या हत्तीच्या पोटात काय दडलं आहे, हे तर त्याहूनही कमी लोकांना माहीत असतं. 'माशाअल्लाह' लिहून संदेश पुढच्या ग्रुपमध्ये जातो आणि विषय संपतो.

मग दुसऱ्या बाजूने उत्तर येतं. 'हे सगळं ग्रीकांकडून उचललेलं आहे, यात तुमचं काय?' तोही संदेश तितक्याच वेगाने फिरतो. दोन्ही बाजूंना इतिहास हवा असतो तो भांडणापुरता. हत्तीचं पोट उघडून बघायची तसदी कुणी घेत नाही.

म्हणून या लेखात ते पोट उघडून बघू. त्यासाठी सुरुवात मात्र आजच्या एका साध्या वस्तूपासून करावी लागेल.

काळ्या पट्टीवरची गाडी

इंजिनिअरिंगची मुलं आणि आता शाळेतलीही मुलं रोबोट शिकायला लागली की सुरुवातीला जे यंत्र बनवतात, त्याला 'लाइन फॉलोअर' म्हणतात. पांढऱ्या जमिनीवर काळ्या चिकटपट्टीचा वळणावळणाचा रस्ता असतो. हाताच्या पंजाएवढी दोन चाकांची गाडी त्या रस्त्यावर कुणीही न हाकता चालते. वळण आलं की वळते.

यात जादू काही नाही. गाडीच्या पोटाखाली दोन सेन्सर असतात. प्रत्येक सेन्सरमध्ये अवरक्त प्रकाश सोडणारा एक दिवा आणि परत आलेला प्रकाश टिपणारा एक डोळा असतो. पांढरी जमीन प्रकाश परत पाठवते, काळी पट्टी तो गिळते. पट्टी दोन्ही सेन्सरच्या मधोमध असेल, तर दोघांनाही पांढरं दिसतं आणि दोन्ही चाकं फिरतात. डाव्या सेन्सरला काळं दिसलं, तर गाडी उजवीकडे भरकटली आहे. मग डावं चाक थांबवायचं, म्हणजे गाडी डावीकडे वळते. उजव्या बाजूला याच्या उलट. आत बसवलेल्या चिपला विद्यार्थ्याने इतकंच लिहून दिलेलं असतं. बघ, ताडून पाहा, चाक फिरव, पुन्हा बघ. ही फेरी सेकंदाला शेकडो वेळा चालते.

कागदावर हे दहा मिनिटांत समजतं. प्रत्यक्षात गाडी पहिल्या दिवशी क्वचितच धडपणे चालते. खोलीतला प्रकाश बदलला की सेन्सरचे आकडे बदलतात. 'काळं' कुठे संपतं आणि 'पांढरं' कुठे सुरू होतं, ती हद्द आकड्यात ठरवावी लागते आणि ती पुस्तकात सापडत नाही. मोजून, चुकून, पुन्हा मोजूनच ती मिळते. या वस्तूचं खरं शिक्षण त्या मोजण्यात आहे.

या यंत्रात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. पहिली म्हणजे स्वतःची स्थिती जाणून स्वतःला दुरुस्त करणारी रचना. दुसरी म्हणजे पायरी-पायरीने लिहिलेली आज्ञा, म्हणजे प्रोग्रॅम. या दोन्ही धाग्यांची मोठी गाठ एकाच शहरात, एकाच काळात सापडते. ते शहर म्हणजे नवव्या शतकातलं बगदाद.

बगदादचे तीन भाऊ

अब्बासी खलिफा अल-मामूनच्या काळात बगदादमध्ये 'बैतुल हिकमा'भोवती विद्वानांचा मोठा मेळा जमला होता. ग्रीक, फारसी, सुरयानी आणि भारतीय ग्रंथांचे अनुवाद होत होते. तिथेच मुहंमद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी काम करत होता. भारतीय अंकांनी हिशेब कसा करायचा, यावर त्याने पुस्तक लिहिलं. त्याच्या दुसऱ्या ग्रंथाच्या नावातला 'अल-जब्र' हा शब्द युरोपात 'अल्जिब्रा' झाला. खुद्द त्याच्या नावाचं लॅटिन रूप 'अल्गोरित्मी' झालं आणि त्यातून आजचा 'अल्गोरिदम' हा शब्द आला. एखादा प्रश्न ठरावीक पायऱ्यांनी सोडवायचा, पायऱ्या पाळल्या की कुणालाही तेच उत्तर मिळेल, हा विचार त्याच्या नावाशी कायमचा जोडला गेला.

त्याच शहरात मुहंमद, अहमद आणि हसन असे तीन भाऊ होते. वडील मूसा इब्न शाकिर यांच्या नावावरून त्यांना 'बनू मूसा' म्हणतात. वडील लवकर गेले आणि मुलांच्या शिक्षणाची व्यवस्था अल-मामूनने केली. भाऊ गणित आणि खगोलात निपुण झाले. स्वतःच्या पैशाने त्यांनी ग्रीक ग्रंथ मिळवले आणि त्यांचे अनुवाद करून घेतले. इ. स. ८५० च्या सुमारास त्यांचं 'किताबुल हियल' तयार झालं. 'हियल' म्हणजे युक्त्या. त्यात सुमारे शंभर यंत्रांची वर्णनं आहेत.

त्यातली बरीचशी यंत्रं आज आपल्याला खेळणीच वाटतील. पण त्यांच्या आतली झडप आणि तरंगता गोळा खेळणं नाही. भांड्यातलं पाणी कमी झालं की गोळा खाली येतो, झडप उघडते, पाणी आत येतं. पातळी भरली की गोळा वर जातो आणि झडप बंद होते. घराच्या छपरावरच्या टाकीत जो बॉलकॉक असतो, त्याचं काम नेमकं हेच. तो गोळा सेन्सरही आहे, निर्णय घेणाराही आहे आणि झडप हलवणारा हातही तोच. काळ्या पट्टीवरच्या गाडीत ही तीन कामं तीन भागांत वाटली गेली आहेत, इतकाच फरक.

बनू मूसांच्या पुस्तकात वाऱ्याने न विझणारा दिवाही आहे. दिव्याभोवती अर्धगोल आडोसा असतो. वारा ज्या दिशेने येईल, त्याप्रमाणे आडोसा स्वतः फिरतो आणि ज्योत झाकतो. तेल आणि वात यांची काळजी स्वतः घेणारे दिवेही त्यात आहेत. याशिवाय आपोआप वाजणाऱ्या बासरीवर त्यांचा एक वेगळा ग्रंथ आहे. त्यात फिरत्या दंडगोलावर खुंट्या बसवल्या आहेत आणि खुंट्यांच्या जागेवरून सूर ठरतात. खुंट्या हलवल्या की चाल बदलेल. यंत्र तेच राहील, आज्ञा बदलेल. प्रोग्रॅमचं हे फार जुनं बीज म्हणता येईल.

आता 'ग्रीकांकडून उचललेलं' या आरोपाबद्दल. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात क्तेसिबिओसने पाण्याच्या घड्याळात तरंगता गोळा वापरला होता. फिलो आणि हेरॉन यांनी अशा यंत्रांवर ग्रंथ लिहिले. बनू मूसांना ती परंपरा चांगली माहीत होती आणि त्यांनी तिच्यावरच इमारत उभी केली. यात कमीपणा कसला? ज्यांनी पैसे मोजून परक्या भाषेतली पुस्तकं आणली, ती समजून घेतली आणि पुढे नेली, त्यांना 'सगळं आम्हीच पहिल्यांदा केलं' असं म्हणायची गरज वाटली नाही. ती गरज आपल्याला वाटते.

आमिदचा कारागीर

साडेतीनशे वर्षांनंतरची गोष्ट. तुर्कस्तानातलं आजचं दियारबाकिर तेव्हा आमिद म्हणून ओळखलं जाई. तिथे अर्तुकी घराण्याचं राज्य होतं. त्यांच्या दरबारात अबुल-इझ्झ इब्न इस्माईल इब्न अर-रझ्झाझ अल-जझरी पंचवीस वर्षं नोकरीला होता. सुलतान नासिरुद्दीन महमूदच्या सांगण्यावरून त्याने आपली यंत्रं एका ग्रंथात लिहून काढली. तो ग्रंथ १२०६ मध्ये पूर्ण झाला. त्यात पन्नास यंत्रं आहेत. घड्याळं, हात धुण्याची साधनं, कारंजी, पाणी उपसण्याची यंत्रं, इतकंच काय, शीर तोडून काढलेलं रक्त मोजणारी भांडीही आहेत.

आता तो हत्ती. हत्तीच्या पोटात पाण्याचं पिंप आहे. पाण्यावर तळाला बारीक भोक असलेली वाटी तरंगते. हळूहळू पाणी आत शिरतं आणि अर्ध्या तासाने वाटी बुडते. बुडताना तिची दोरी ओढली जाते आणि वरच्या मनोऱ्यातून एक गोळी सुटते. गोळी सर्पाच्या तोंडात पडते, तिच्या वजनाने सर्प खाली झुकतो आणि झुकताना बुडालेली वाटी पुन्हा वर खेचतो. माहुत ठोका देतो. सर्प परत जागेवर येतो आणि नवी फेरी सुरू होते.

ती भोकाची वाटी मराठी माणसाला परकी वाटायला नको. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त साधायला घंगाळात जे घटिकापात्र तरंगत ठेवत, तेच हे. जझरीच्या घड्याळावर हिंदुस्थानचा हत्ती बसला आहे आणि त्याच्या पोटात हिंदुस्थानात घरोघरी ठाऊक असलेली युक्ती आहे. ग्रीकांचं जलशास्त्र, पूर्वेकडचे सर्प, अरबी कारागिरी हे सगळं एका यंत्रात नांदतं. शुद्ध रक्ताची संस्कृती शोधणाऱ्यांनी हे चित्र एकदा नीट बघावं.

सेन्सरच्या दृष्टीने मात्र हत्तीपेक्षा त्याचं मोराचं यंत्र अधिक बोलकं आहे. मोराच्या चोचीतून हात धुवायला पाणी येतं. धुतलेलं पाणी खालच्या हौदात साठत जातं. एका ठरावीक पातळीला पहिला तरंगता गोळा उचलला जातो, छोटं दार उघडतं आणि सेवकाची बाहुली साबणाची पूड घेऊन समोर येते. पाणी आणखी वाढलं की दुसरा गोळा उचलला जातो आणि दुसरी बाहुली रुमाल घेऊन येते. किती पाणी सांडलं यावरून 'आता याला साबण हवा, आता रुमाल हवा' हे यंत्र ओळखतं.

जझरीचं मोठेपण मला आणखी एका गोष्टीत दिसतं. ग्रंथाच्या सुरुवातीला तो सांगतो की, आधीच्या विद्वानांनी यंत्रांची वर्णनं लिहिली, पण सगळीच बनवून पाहिली नाहीत. त्यामुळे खरं काय आणि खोटं काय, हे संशयातच राहिलं. त्याने स्वतः मापं दिली, सुटे भाग कसे ओतायचे, कसे जोडायचे ते लिहिलं. वाचणाऱ्याने पुन्हा बनवून पाहावं, अशा बेताने लिहिलेलं हे पुस्तक आहे. ब्रिटिश इंजिनिअर डोनाल्ड हिल यांनी १९७४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. त्यानंतर त्यातली यंत्रं पुन्हा उभी करता आली, ती या तपशिलामुळेच. गाडीच्या सेन्सरची हद्द मोजत बसलेली मुलगी आणि ओतीव झडप घासून पाहणारा जझरी यांचं नातं इथे आहे.

धागे का जुळले नाहीत?

पायऱ्यांनी विचार करणारा अल-ख्वारिझ्मी आणि स्वतःला सावरणारी यंत्रं करणारे बनू मूसा एकाच शहरात, एकाच खलिफाच्या आश्रयाला होते. तरी आज्ञा लिहून चालवता येणारं, स्वतः बघून वागणारं यंत्र यायला हजाराहून अधिक वर्षं लागली. का?

वीज नव्हती, बारीक धातुकाम महाग होतं, ही कारणं आहेतच. युरोपातही ते यंत्र विसाव्या शतकापर्यंत आलं नाही. पण आपल्या बाजूचं एक कारण मला महत्त्वाचं वाटतं. ही विद्या दरबाराची होती. तिचा खर्च राजा करी आणि तिचा उपयोगही बहुतांशी राजाला पाहुण्यांपुढे मिरवण्यापुरता होता. ग्रंथाच्या नकला झाल्या, चित्रं सुंदर रंगली, पण ग्रंथ उघडून पन्नास पोरं धातू घासत बसली आहेत, असं घडलं नाही. मदरशांत फिक्ह, व्याकरण, गणित शिकवलं गेलं. हियल मात्र कारागिराच्या घरात आणि सुलतानाच्या मर्जीत राहिली.

मर्जी फिरली की काय होतं, याचं उदाहरण इस्तंबूलचं आहे. तकीउद्दीन या विद्वानाने यांत्रिक घड्याळांवर आणि पाण्याच्या यंत्रांवर ग्रंथ लिहिले. सुलतान तिसऱ्या मुरादने त्याला १५७७ मध्ये वेधशाळा बांधून दिली. १५८० मध्ये त्याच सुलतानाच्या हुकमाने ती पाडली गेली. तीन वर्षांत वेधशाळा उभी राहिली आणि गेलीही. ज्या विद्येचा मालक एकच असतो, ती एका हुकमाने बंद पडते.

कासवांची शाळा

यंत्राने स्वतःला सावरण्याचा धागा पुढे युरोपात वाढला. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाचा वेग आपोआप आटोक्यात ठेवणारा नियामक बसवला. मॅक्सवेलने १८६८ मध्ये अशा नियामकांचं गणित मांडलं. नॉर्बर्ट वीनर यांनी १९४८ मध्ये या सगळ्या विचाराला 'सायबरनेटिक्स' हे नाव दिलं.

त्याच सुमारास ब्रिस्टलमध्ये मेंदूचा अभ्यास करणाऱ्या ग्रे वॉल्टर यांनी एल्मर आणि एल्सी नावाची दोन यांत्रिक कासवं बनवली. त्यांना प्रकाश टिपणारा एक डोळा होता आणि धक्का लागला की कळणारं कवच होतं. आत जेमतेम दोन व्हॉल्व्हचं सर्किट होतं. कासव प्रकाशाकडे जाई, अडथळा आला की वळसा घेई आणि बॅटरी उतरली की आपल्या घराकडे परते. थोड्याशा भागांतून किती गुंतागुंतीचं वागणं निघू शकतं, हे जगाला दिसलं.

खरी क्रांती मात्र यानंतरची आहे आणि तिची चर्चा कमी होते. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले गणितज्ञ सेमूर पेपर्ट यांनी १९६७ मध्ये आपल्या सहकाऱ्यांसोबत मुलांसाठी 'लोगो' ही संगणकाची भाषा तयार केली. त्या भाषेतल्या आज्ञांनी जमिनीवर चालणारा एक लहान रोबोट फिरे. त्याचं नावही कासवच होतं. पेपर्ट यांचं म्हणणं सोपं होतं. मुलाने संगणकाला शिकवावं, संगणकाने मुलाला पढवत बसू नये. कासव चुकीच्या दिशेने गेलं तर मूल नापास होत नाही. आपण दिलेल्या आज्ञेत काय राहिलं, ते शोधून मूल पुन्हा प्रयत्न करतं.

पेपर्ट यांचं 'माइंडस्टॉर्म्स' हे पुस्तक १९८० मध्ये आलं. त्याच नावाचा लेगो कंपनीचा रोबोट संच १९९८ मध्ये बाजारात आला. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेया गावी 'अर्दुइनो' हा स्वस्त बोर्ड जन्मला. त्याची रचना सगळ्यांसाठी खुली होती, त्यामुळे त्याच्या नकला कुणीही करू शकत होतं. सुलतानाचा खजिना लागणारं काम आता शाळेच्या बाकावर आलं. बगदादचे दोन धागे जिथे जुळले, ती जागा म्हणजे विद्यार्थ्याचा बाक.

हेरात ते वॉशिंग्टन

आता अफगाणिस्तानातल्या हेरातकडे येऊ. हे साधं शहर नव्हे. पंधराव्या शतकात तैमुरी राणी गौहरशाद हिने इथे मदरसा आणि मशिदीचं भव्य संकुल उभारलं. एका स्त्रीने बांधलेला मदरसा ज्या शहरात होता, त्याच शहरात तालिबानच्या पहिल्या राजवटीत, १९९६ ते २००१ या काळात, बायका शिवणकामाच्या वर्गाच्या नावाखाली चोरून साहित्य शिकत होत्या.

याच शहरात उद्योजिका रोया महबूब यांच्या पुढाकाराने शाळकरी मुलींचा रोबोट संघ तयार झाला. पुढे तो 'अफगाण ड्रीमर्स' नावाने ओळखला गेला. २०१७ मध्ये वॉशिंग्टनला 'फर्स्ट ग्लोबल' ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरणार होती. दीडशेहून अधिक देशांचे संघ येणार होते. स्पर्धेचा विषय होता पिण्याचं पाणी. निळे चेंडू म्हणजे स्वच्छ पाणी, नारिंगी म्हणजे दूषित. रोबोटने ते वेगळे करायचे. मुलींचा रोबोट रंगावरून चेंडू ओळखून बाजूला करणारा होता.

सुट्या भागांचा संच सगळ्या संघांना महिने आधी मिळाला. हेरातच्या मुलींचा संच दहशतवादाच्या भीतीपोटी अडकून राहिला. तोवर मुलींनी हाताशी असलेल्या वस्तूंतून मोटरवर चालणारी यंत्रं बनवून सराव केला. व्हिसासाठी हेरातहून काबूलला जावं लागणार होतं. अंतर सुमारे ८०० किलोमीटर. काबूलमध्ये नुकताच मोठा स्फोट झालेला. सहाही मुली गेल्या, मुलाखती दिल्या, नकार आला. पुन्हा गेल्या. पुन्हा नकार. जगभर बातमी झाली, तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्तक्षेपाने अगदी शेवटच्या क्षणी परवानगी मिळाली. स्पर्धेत त्यांना धाडसी कामगिरीसाठी रौप्यपदक मिळालं.

त्या परतल्यावर काही दिवसांतच, १ ऑगस्ट २०१७ रोजी, हेरातच्या एका शिया मशिदीत ऐन नमाजाच्या वेळी आत्मघाती हल्ला झाला. जबाबदारी 'इस्लामिक स्टेट'ने घेतली. मृतांमध्ये संघाच्या कर्णधार मुलीचे वडील होते. लेकीला रोबोट बनवायला पाठवणारा बाप मशिदीत मारला गेला आणि मारणाऱ्यांनी नाव घेतलं ते इस्लामचं. मुस्लिम वाचकाने या ओळीवर जरा थांबावं.

मुली थांबल्या नाहीत. त्याच वर्षी नोव्हेंबरात एस्टोनियातल्या 'रोबोटेक्स' महोत्सवात त्यांनी छोट्या शेतकऱ्यांसाठी सौरऊर्जेवर चालणारा रोबोट मांडला आणि उद्योजकतेची स्पर्धा जिंकली. २०२० मध्ये इराणहून परतणाऱ्या लोकांबरोबर कोरोना हेरातमध्ये आला. व्हेंटिलेटर नव्हते. मुलींनी अमेरिकेतल्या एमआयटीच्या खुल्या आराखड्यावरून स्वस्त व्हेंटिलेटर बनवायला घेतला. टोयोटा कोरोलाची मोटर, होंडा मोटरसायकलची साखळी. जुलै २०२० मध्ये त्यांनी तो सादर केला. बाजारात २० हजार डॉलरला मिळणारी वस्तू त्यांच्या हिशेबाने सुमारे ७०० डॉलरमध्ये बसत होती. हाताशी असेल त्यातून, मोजून, करून पाहून. जझरीला हे काम बघून आनंद झाला असता.

मग ऑगस्ट २०२१ आला. हेरात पडलं, तीन दिवसांत काबूल पडलं. संघातल्या काही मुली कतारला, काही मेक्सिकोला गेल्या. सप्टेंबरपासून मुलींच्या माध्यमिक शाळा बंद झाल्या. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठंही बंद झाली. डिसेंबर २०२४ मध्ये नर्स आणि सुईण होण्याचे वर्गसुद्धा. अल-अझहरचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यिब यांनी विद्यापीठबंदी शरियतच्या विरोधात असल्याचं जाहीरपणे सांगितलं. इस्लामी देशांच्या संघटनेने निषेध केला. हुकूम मात्र कायम राहिला. १५८० मध्ये एका हुकमाने वेधशाळा पाडली होती. इथे एका हुकमाने लाखो बाक रिकामे केले.

तरी एक फरक आहे. तकीउद्दीनची वेधशाळा पाडल्यावर तिचं काम थांबलं, कारण ती एकच होती. हेरातच्या मुलींचं काम मात्र दोहाला गेलं, मेक्सिकोला गेलं. खुले आराखडे, स्वस्त बोर्ड आणि शिकलेले हात एका शहरात कोंडून ठेवता येत नाहीत. पण ज्या मुलींना विमान मिळालं नाही, त्यांच्यासाठी हे समाधान फार तोकडं आहे, हेही लिहिलं पाहिजे.

आपला बाक

मग 'पहिला रोबोट कुणी बनवला' या संदेशाचं काय करायचं? माझ्या मते, तो मिळाला की एक प्रश्न जोडून परत पाठवावा. तुमच्या मोहल्ल्यातल्या शाळेत शेवटचा रोबोट कुणी बनवला?

महाराष्ट्रात हे काही अशक्य स्वप्न नाही. २०१६ पासून देशभर शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब सुरू झाल्या आहेत. भायखळ्याच्या साबू सिद्दिकसारख्या संस्थांनी तंत्रशिक्षण मुस्लिम वस्तीच्या दारात आणलं, त्याला कित्येक दशकं झाली. पोराच्या हातात पाना देण्याची परंपरा आपल्याकडे आहेच. गॅरेज, लेथ, यंत्रमाग, इलेक्ट्रिकची दुकानं ही आपल्या समाजाची जुनी कामं. मालेगाव आणि भिवंडीत यंत्रमागाचा धागा तुटला की माग थांबवणारी पातळ पत्ती असते. ती पत्तीही सेन्सरच आहे. घरातल्या मुलांना ती रोज दिसते, पण 'हे विज्ञान आहे' असं त्यांना कुणी सांगत नाही. मुलींना तर त्या मागाजवळ उभंही राहू दिलं जात नाही.

शाळेत लॅब असली तरी तिची किल्ली कुणाकडे असते, हा प्रश्न उरतोच. किती ठिकाणी संच काचेच्या कपाटात राहतो आणि तपासणीच्या दिवशी बाहेर निघतो? किती ठिकाणी चार हुशार मुलगे गाडी बनवतात आणि मुलींना तक्ता रंगवायला बसवतात? काचेच्या कपाटातला रोबोट आणि सुलतानाच्या दिवाणखान्यातला मोर यांत फारसा फरक नाही. दोन्ही मिरवायला ठेवलेले.

आपल्या धर्माची पहिली वही वाचण्याच्या आज्ञेने सुरू झाली, हे आपण प्रत्येक शैक्षणिक जलशात ऐकतो. ती आज्ञा देताना मुलगा की मुलगी, असं विचारलं गेलं नव्हतं. बनू मूसांनी परक्यांचं वाचलं. जझरीने वाचलेलं करून पाहिलं. हेरातच्या मुलींनी बंद दारासमोर उभं राहून दोन्ही केलं. त्यांचा वारसा सांगायचा असेल, तर काळी चिकटपट्टी, दोन मोटरी, दोन सेन्सर आणि एक स्वस्त बोर्ड पुरेसा आहे. शिवाय कपाटाची किल्ली लागेल. ती मात्र आपल्याच हातात आहे.